पुढे पेट्रोल, मागे वीज

रायपूर शहरातील समस्त वाहनधारकांस, पादचाऱ्यांस आणि रस्त्याच्या मधोमध रवंथ करणाऱ्या गोमातांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, या नव्या राज्यात आजवर खरा शास्त्रज्ञ एकच निपजला आणि तो माझा साडभाऊ आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे निवेदन मी शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाखाली न येता करतो आहे. दबाव एकदाच आला होता, त्यांच्या गाडीच्या मागच्या चाकाचा, माझ्या अंगठ्यावर. आणि ते प्रकरण आम्ही घरातल्या घरात मिटवलं.

साडभाऊंची सगळी नोकरी रेल्वेच्या मालडब्यांच्या दुरुस्तीत गेली. त्यामुळे या जगात पुढची बाजू आणि मागची बाजू असा काही भेद असतो, हे त्यांना कधी पटलंच नाही. "पाव्हणे, डब्याले तोंड नसते. इंजिन जिकडे लावाल, तिकडे त्याचं तोंड," हे त्यांचं तत्त्वज्ञान. एका उन्हाळ्यात त्यांनी कूलर खिडकीत उलटा बसवला आणि पंधरा दिवस आमचा अख्खा पारा, म्हणजे मोहल्ला, गारेगार केला. घरात सगळे घामाघूम, तर म्हणाले, "बाहेरची हवा आधी थंड व्हायले पाहिजे, मग ते आपोआप आत येते." घरातून निघताना दारात उभं राहून "लाईन क्लिअर!" असं ओरडल्याशिवाय ते पाऊल टाकत नाहीत. भाजी आणायला जाताना टाकत नाहीत आणि तेराव्याच्या जेवणाला जातानाही टाकत नाहीत.

दर रविवारी ते ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, मोटरसायकलवर मागे बसवून फिरवून आणत. पस्तीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता. मग ताईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, पाय पुरते दुमडेनात, आणि रविवार बंद पडला. त्याच वर्षी त्यांची मुलगी नवा रायपूरला सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेली. ती कार घेऊन दारात आली, तर ताई म्हणाल्या, "मी येईन तर तुह्या बाबासंगच येईन." पोरीनं कपाळावर हात मारला आणि साडभाऊंनी हातात पाना घेतला.

त्यांनी मोटरसायकलचं मागचं एक चाक काढून भंगारातल्या मालरिक्षाची दोन चाकं बसवली. वर सोफ्यासारखी गादी केली. ती मात्र उलट्या तोंडाची, मागे बघणारी, कारण तसंच बसलं तर ताईंना पाय लांब सोडता येत होते. गाडी झोकात झाली. फक्त मोटरसायकलला रिव्हर्स गिअर नसतो, ही क्षुल्लक गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानातून निसटली. आमची गल्ली बोळासारखी. गाडी आत आली की बाहेर काढायला रोज चार माणसं लागायची. साडभाऊ हँडल धरून बसत आणि पारा "हेइसा" करत ढकलत असे.

ताईंनी खिडकीतून हा सोहळा पाहिला आणि निकाल दिला. "मी गादीवर बसली अन् चार जण ढकलून राहिले, तर लोक म्हणतील वरात चालली! ढकलगाडीत मी नाही बसत." म्हणजे लेकीचं घर पाहायचं तर यांच्याच गाडीनं, पण ही गाडी ढकलल्याशिवाय हलत नाही. असं वर्ष गेलं. ताई दवाखान्याखेरीज उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत.

शेवटी साडभाऊंनी मोडीत निघालेल्या ई-रिक्षाची मोटर आणि बॅटऱ्या आणून मागच्या चाकांना जोडल्या आणि गाडी हायब्रिड झाल्याची घोषणा केली. वायरी अर्थातच उलट लागल्या. पेट्रोलवर गाडी पुढे जाई, विजेवर फक्त मागे. दोन्ही एकदम सुरू केलं, तर ती जागच्या जागी थरथरत उभी राही, जणू दोन सरकारी खात्यांची संयुक्त बैठक. मी वायर बदला म्हणालो, तर म्हणाले, "पुढं जायले पेट्रोल आहे ना? मग इजेनं पुन्हा तेच काम काहून करायचं?" कागदपत्रांसाठी ते ज्या दफ्तरात गेले, तिथल्या फॉर्मवर पेट्रोल किंवा वीज, एकावरच खूण करायची होती. यांनी दोन्हीवर केली. बाबूनं चष्मा काढून विचारलं, "चाचाजी, ये गाड़ी है कि गठबंधन?"

पण गाडी मागे येऊ लागली आणि ताईंना शब्द पाळावा लागला. एका रविवारी सकाळी कोथिंबिरीच्या सांबारवड्यांचा डबा मांडीवर घेऊन त्या गादीवर बसल्या. "लाईन क्लिअर!" गाडी बोळातून अलगद मागे सरकत बाहेर आली. ढकलायला जमलेले लोक बेरोजगार झाल्यासारखे बघत राहिले. मी स्कूटरवर मागे निघालो.

नवा रायपूरचे रस्ते तुम्हाला ठाऊकच आहेत. रस्ते आधी आले, माणसं मागून येणार आहेत म्हणतात. अशा एका मैदानासारख्या रस्त्यावर, लेकीच्या घरापासून दोन किलोमीटर अलीकडे, पेट्रोल संपलं. हायब्रिडला पेट्रोल कमी लागतं म्हणून शास्त्रज्ञांनी निम्मंच भरलं होतं.

"मी घेऊन येतो," मी म्हणालो.

"काही गरज नाही!"

"ढकलायचं नाही, सांगून ठेवते," ताई म्हणाल्या.

साडभाऊ खाली उतरले. गाडीच्या पुढे जाऊन पाहिलं, मागे जाऊन पाहिलं. वर्षभराची मेहनत त्या रिकाम्या रस्त्यावर उभी होती. मग एकदम म्हणाले, "पाव्हणे, डब्याले तोंड नसते!" विजेचं बटण दाबून त्यांनी गाडी मागे मागेच अर्धगोल वळवली आणि पाठ पुढे करून निघाले.

आता ताई पुढे आणि ते मागे. दोन्ही आरशांत त्यांना रस्ता दिसेना, ताईंचा अंबाडाच दिसे. त्यात पांढरे केस किती झालेत, हे त्यांना बहुधा तेव्हाच कळलं असावं, कारण "लाईन क्लिअर"चा आवाज जरा बसलेला आला. ताई आधी दबक्या आवाजात सांगत होत्या, "डावीकडं... थोडं उजवीकडं..." मग आवाज चढला. "गाय आहे, थांबा! हं, आता सोडा!" गाडी उलटी का चालली म्हणून चौकातला पहारेकरी धावत आला. "उल्टा काबर जावत हव, कका?" साडभाऊ न वळता म्हणाले, "उल्टा नहीं, भैया. जिधर मैडम, उधर आगे!"

लेक फाटकात उभी होती. गाडी तिच्यासमोरून तशीच पुढे गेली. ती ओरडत धावली, "आई, घर तो पीछे रह गया!" साडभाऊंनी ब्रेककडे हात नेला, तशा ताई डबा छातीशी धरून सगळ्या नव्या राजधानीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "चालू द्या हो! पस्तीस वर्षं तुमची पाठच पाहिली, रस्ता तर आज दिसून राहिला!"