प्लग आत्याच्या खिशात

माझ्या आत्याला गॅरेजात घेतलं तेव्हा मालक म्हणाले होते, "बाई आहात, तुम्ही पाण्याचं बघा." म्हणजे इंजिन उघडायला पुरुष आणि रेडिएटरमध्ये इंजिन थंड ठेवणारं कूलंट भरायला आत्या. पाणी भरायचं काम बायकांचं, घरात काय नि गॅरेजात काय! आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आत्याने वाद घातला नाही. तिने पाण्याचंच बघितलं, आणि असं बघितलं की अकरा वर्षांत गाडी तापली की इतर गॅरेजांतले मिस्त्रीही तिलाच विचारायला येऊ लागले.

त्याच गॅरेजच्या काचेच्या केबिनमध्ये मी फोन घेते. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

आत्याची पद्धत ठरलेली. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. मग गिऱ्हाइकाकडे गाडीचं पुस्तक मागायचं. बहुतेकांचं पुस्तक नव्या गाडीबरोबर आलेल्या प्लास्टिकमधून बाहेरसुद्धा आलेलं नसतं. ती त्यातलं कूलंटचं पान शोधायची, तिथला नंबर डब्यावरच्या नंबराशी ताडून बघायची आणि पानाचा कोपरा दुमडून ठेवायची. रेडिएटरच्या तळाशी अंगठ्याएवढा प्लग असतो, तो काढून जुनं सगळं तसराळ्यात सोडायचं. मग बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत साध्या पाण्याने धुवायचं, आणि शेवटी नवं भरायचं. हे सगळं होईपर्यंत प्लग हरवू नये म्हणून तिच्या खिशात असायचा.

मालकांची पद्धत त्याहून सोपी होती. कोपऱ्यात एक निळा ड्रम, ड्रमात हिरवं कूलंट, ड्रमावर एक मग. "हिरव्यात हिरवं ओतलं की झालं. रंग जुळला ना? मग पुस्तकं कशाला चाळायची?" आत्या त्या ड्रमाकडे ढुंकूनही बघत नसे. हवे ते डबे ती यादी देऊन मागवायची, आणि मालक कुरकुरत का होईना, मागवायचे.

त्या मंगळवारी इथेच घोड्याने पेंड खाल्ली. शाळेच्या व्हॅनचे काका सकाळीच गाडी सोडून गेले होते. डबे दहापर्यंत येतील या भरवशावर आत्याने व्हॅनचा रेडिएटर रिकामा करून धुवून ठेवला. दहा वाजले, अकरा वाजले. शेवटी मालक मोबाईलवरून नजर न काढता म्हणाले, "यादी मी पाठवलीच नाही. ड्रम संपेपर्यंत दुसरं काही येणार नाही. व्हॅनमध्येही हिरवंच होतं ना? भरा."

"रंग तोच आहे, माल तो नाही," आत्या म्हणाली. "पुस्तकातला नंबर वेगळा आहे. कितीही धुतलं तरी जुनं थोडं आत राहतंच."

"बाई, मी गॅरेज चालवतोय, वाचनालय नाही."

"मग चालवा. मी हे भरणार नाही."

सगळ्यांची कामं थांबली. मालकांना गॅरेजात कोणी 'नाही' म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. ते तरातरा ड्रमाकडे गेले, मग भरून घेतला, आणि तेव्हा त्यांना आठवलं की रेडिएटरला खाली भोक आहे. प्लग आत्याच्या खिशात होता. त्यांनी हात पुढे केला. आत्याने स्टूल ओढलं, व्हॅनसमोर बसली आणि खिशाची चेन लावली.

माणूस चिडला की त्याची अक्कल चरायला जाते. मालकांनी भोकात चिंधीचा बोळा कोंबला आणि वरून ओतलं. बोळा दोन मगांपर्यंत टिकला. तिसऱ्याला सगळं हिरवं त्यांच्या नव्या बुटांवर आलं. मी काचेमागे फोन कानाला लावून तोंड फिरवलं, फोनवर कोणीही नसताना.

तेवढ्यात काका आले. बाराला शाळा सुटते, चौदा पोरं फाटकात उभी राहणार. "ताई, घाला हो काहीतरी," ते अक्षरशः हात जोडून म्हणाले. "आजचा दिवस निभवा."

आत्या उठली. मला वाटलं, आता देते प्लग. ती तिच्या फळीकडे गेली आणि मागच्या कोपऱ्यातली काचेची बरणी घेऊन आली. बरणीत तपकिरी लगदा होता. गॅरेजात सगळ्यांना वाटायचं की जुनं ग्रीस आहे. मला माहीत होतं ते काय आहे, पण आत्याने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"ही माझ्या भावाची टॅक्सी," ती म्हणाली. "माझं इथलं पहिलं वर्ष. तिच्यातही हिरवंच होतं. मी याच ड्रमातलं हिरवं वर ओतलं. सहा महिने काही झालं नाही. दोन्ही आत मिळून हे झालं आणि रेडिएटर तुंबला. घाटात गाडी तापली, इंजिन गेलं. त्याच्याकडे दुसरी टॅक्सी नव्हती, काका."

"मला कोणी सांगितलं नाही," मालक पुटपुटले.

"तो कोणालाच बोलला नाही. मलाही नाही. ओतणारा हात माझा होता."

तो भाऊ म्हणजे माझे बाबा. त्यानंतर त्यांनी टॅक्सी कधी चालवली नाही, आणि एका घरात राहूनही आत्याबद्दल ब्रही काढला नाही. काचेमागे माझे डोळे भरून आले. बरणी एवढी वर्षं मी पाहत होते, पण हे तिच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

काकांनी बरणी उजेडात धरली, परत दिली आणि शाळेत फोन लावला. "पोरांना तासभर आत बसवून ठेवा." मग मला म्हणाले, "तुमची स्कूटर द्या. आणि ताई, तो नंबर माझ्या हातावर लिहा."

काका डबा घेऊन आले. आत्याने प्लग बसवला, कूलंट भरलं, हीटर पूर्ण लावून इंजिन चालू केलं आणि वरचा पाइप दाबत दाबत आतली हवा काढली. रेडिएटरचा पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत ती हलली नाही. पाऊण वाजता व्हॅन गेली.

"उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाले.

"येणार. साडेआठला."

घरी मात्र ती चहा न पिता कप हातात धरून बसली. "बावन्न वर्षांच्या बाईला दुसरं कोण घेणार गं?" ती म्हणाली. "मला भीती वाटतेय." बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "साडेआठला जायचं तर आठला निघ." बस, एवढंच. आत्याने गार झालेला चहा एका दमात संपवला.

साडेआठला आम्ही दोघी पोचलो. ड्रम जागच्या जागी होता. मालक टेबलाशी होते, आलात का म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. आत्याने डगला चढवला, वाट पाहणारी पहिली गाडी रिकामी केली, धुतली, प्लग खिशात टाकला, चेन लावली आणि स्टुलावर बसली.

पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. गाडीवाला घड्याळ बघू लागला. मालकांनी ड्रमाकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं. मग डब्यांच्या दुकानाला फोन लावला आणि माउथपीसवर हात ठेवून घसा खाकरला.

"बाई, नंबर काय सांगू?"

अकरा वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदा काही विचारलं होतं. आत्या जागची उठली नाही.

"पुस्तकात बघा," ती म्हणाली. "पान दुमडून ठेवलंय."