पहिला घोट सितारामचा

तळवलीत लग्न निघालं की हळदीच्या संध्याकाळी सितारामला बोलावणं ठरलेलंच. मांडवात पेले फिरायच्या आधी घरातल्या थोरल्याने पहिला पेला हातात घ्यायचा, त्यात बोट बुडवून चार शिंतोडे देवांना नि मेलेल्या बापजाद्यांना द्यायचे, स्वतः एक घोट घ्यायचा आणि म्हणायचं, "देवानी घेतला, आता तुमी घ्या." हा मान थोरल्याचा. पण सिताराम बियरच्या कंपनीत चव बघणारा झाला आणि गावातले भले भले थोरले आपला पेला कौतुकाने त्याच्यापुढे धरू लागले. "सिताराम बोलला ब्येस, की ब्येस!" झालं. पुढे कुणाची शंका काढायची टाप नव्हती.

आता चव बघणारा म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही गावच्या टवाळांसारखं म्हणाल की फुकटची पितो नि वर पगार घेतो. रस्त्यापलीकडे एमआयडीसीत ती कंपनी. फार मोठी नाही. मालक परदेशात शिकून आलेला हौशी माणूस. छोट्या छोट्या टाक्यांत निरनिराळ्या बियर करायचा, कधी काळी, कधी गव्हाची, कधी संत्र्याची साल घातलेली, आणि मुंबईच्या बड्या हॉटेलांना पुरवायचा. जमिनी गेल्या तेव्हा त्या बदल्यात सिताराम तिथे बाटल्या धुवायला लागला. बाटल्या धुता धुता एकदा बोलून गेला की त्या कोपऱ्यातल्या टाकीचा वास कालच्यापेक्षा वेगळा येतोय. केमिस्ट नंदकुमारने टाकी तपासली, तर खरंच बिघडत चालली होती. तेव्हापासून सिताराम चव बघणाऱ्यांच्या टेबलाशी बसू लागला.

टेबलावर गडद निळे ग्लास, आतला रंग दिसू नये म्हणून. आधी हुंगायचं, मग ग्लास हलवून पुन्हा हुंगायचं, मग घोट. मध्ये पाणी आणि मूठभर कुरमुरे. नंदकुमार त्याला सांगायचा, "सिताराम, जीभ चार गोष्टी सांगते. बाकी सगळं नाक सांगतं." आणि त्या नाकासाठी पथ्य फार. तंबाखू नाही, मशेरी नाही, अत्तर नाही, सकाळी कांदा नाही आणि सुकी मासळी तर मुळीच नाही.

अहो, आगऱ्याच्या पोराला सकाळच्या भाकरीवर सुकट खाऊ नको म्हणायचं! त्याची बायको सुंदराबाई करावे गावची. तिच्या माहेरून बोंबील नि जवळा पाटी भरभरून यायचा. लग्न झाल्यापासून ती चुलीवर बोंबील भाजून, लसूण-मिरची घालून, दगडावर ठेचून द्यायची आणि हा बोटं चाटायचा. नोकरी बदलली आणि सकाळची ती चैन संपली. भाकरी नि दूध, देवळातल्या बुवासारखं. सुंदराबाई हिणवायची, "माज्या म्हायेरच्या सुकटीला नाक मुरडनारा नवरा गावला मना!" तो सायकल काढून कामावर गेल्याशिवाय ती तव्यावर बोंबील टाकायची नाही. टोमणा मारायची, पण पथ्य त्याच्याइतकंच तीही पाळायची.

अशी वर्षं गेली. सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात पाइप टाकायला खणलेल्या रस्त्यावर सितारामची सायकल घसरली आणि तो डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटला. दोन दिवस दवाखान्यात राहिला, घरी आला, आठवड्याने कामावर गेला. टेबलाशी बसून ग्लास नाकाशी नेला, आणि काहीच नाही. ग्लासात पाणी असावं तसं. दुसरा ग्लास, तिसरा ग्लास, तेच. घोट घेतला तर नुसती कडवट फसफस.

डॉक्टर म्हणाला, डोक्याला मार लागला की कधी कधी असं होतं. येईल हळूहळू. नाही आलं तर नाही.

त्या दिवशी नंदकुमारला सांगायला हवं होतं. मलाही कळतं, तुम्हालाही कळतं, त्यालाही कळत होतं. पण ज्याला गाव त्याच्या नाकाने ओळखतं, त्याने नाक गेलं हे सांगायचं कुणाला नि कुठल्या तोंडाने? आज सांगू, उद्या सांगू करता करता त्याला एक वाट सापडली. नंदकुमारला माल पसंत नसला की तो ग्लास ठेवताना नकळत दूर सरकवायचा. पसंत असला की हातातच धरून ठेवायचा. सिताराम पत्ते खेळणाऱ्यासारखा त्याचा हात बघू लागला. आधी नंदकुमारचा ग्लास खाली जाऊ द्यायचा, मग आपण मान हलवायची किंवा कपाळाला आठ्या घालायच्या. कुणाला काही कळलं नाही.

घरात मात्र कळलं. एकदा दूध उतू गेलं, करपलं, घरभर वास सुटला, आणि हा चुलीपासून हातभर अंतरावर बसून पेपर वाचत होता. सुंदराबाई विहिरीवरून धावत आली, पातेलं उतरवलं, त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "काय जालं?" ती म्हणाली, "काय नाय." त्या दिवसापासून पाहुणे जेवायला बसले की तीच आधी म्हणायची, "आज कालवनाला वास ब्येस सुटलाय, नाय अवो?" आणि तो "व्हय, ब्येस" म्हणायचा. दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही, सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मूठ किती दिवस झाकणार! धाकटा भाऊ अंकुश, त्याची थोरली पोर अक्षता, तिचं लग्न उन्हाळ्यात ठरलं. मालकाने कौतुकाने सांगितलं, "सिताराम, तुझ्या पुतणीच्या हळदीला कंपनीकडून भेट. गव्हाची नवी बियर तयार होतेय, त्यातली ने." सितारामची छाती फुगली. त्याच आठवड्यात नंदकुमार खांदेश्वरला नव्या घरात राहायला गेला आणि सामान लावायला सुटीवर राहिला.

गव्हाची टाकी तपासायचा दिवस आला. टेबलाशी सिताराम आणि सुनयना, लॅबमध्ये नवीन लागलेली मुलगी. बघायला नंदकुमारचा हात नाही. सितारामने ग्लास हुंगला, हलवला, पुन्हा हुंगला, सगळं रीतसर केलं. घोट घेतला. कडवटपणा बरोबर होता, फसफस बरोबर होती. आणि पुढे काय? समोर भिंत.

सुनयनाने ग्लास नाकाशी नेला नि लगेच मागे घेतला. "काका, याला जरा वास येतोय का? कुजलेल्या अंड्यासारखा?"

सितारामने ग्लास पुन्हा नाकाशी नेला. विचार, बाबा, विचार! थांब म्हण, नंदकुमार येऊ दे म्हण! पण तो खेकसला, "तू काल आलीस, मना शिकवतेस? नवीन टाकीचा वास हाय तो. दोन दिवसांनी जातो." पोरगी वरमली. कागदावर "योग्य" असं लिहिलं गेलं. माल सोमवारी हॉटेलांना जायचा होता. त्यातलेच क्रेट शनिवारी तळवलीला गेले.

अंकुशच्या अंगणात मांडव सजला होता. अक्षताला पाटावर बसवलेलं, बाया हळद लावतायत, धवलारीण लग्नाची गाणी, धवळे, म्हणतेय, लाउडस्पीकर चालू. नवऱ्याकडची माणसं घणसोलीहून टेम्पो भरून आलेली. ओसरीवर सितारामची आई यशोदाबाई बसली होती. एके काळी तिच्या हाताची मोहाची दारू सगळ्या गावात वाखाणली जायची. भट्टी बंद झाली, आणि थोरल्याच्या कंपनीच्या बियरला ती "पिवलं पानी" म्हणायची, पण म्हणताना डोळ्यांत अभिमान मावायचा नाही.

अंकुशने बाटली फोडून पेला भरला आणि भावापुढे धरला. "दादूस, तुजा मान."

सितारामने बोट बुडवलं. शिंतोडे दिले, देवांना, बापाला, आज्याला. डोळे मिटून लांब हुंगलं, सवयीने, लोकांनी बघावं म्हणून. घोट घेतला. "देवानी घेतला," तो मोठ्याने म्हणाला, "आता तुमी घ्या. ब्येस हाय!"

पेले भरले. नवऱ्याचा मामा वामन, भरदार मिशांचा माणूस, त्याने पेला तोंडाला लावला आणि तसाच थुंकला. "आरे, यो काय? गटाराचा वास मारतंय!" दुसऱ्याने पेला ठेवला. तिसऱ्याने नाकाला रुमाल लावला. कुणी हसलं, कुणी शिवी दिली. बाया मागे वळून बघू लागल्या. धवलारीण मध्येच थांबली. असल्या गोष्टी हळदीत घडल्या की त्या पोरीच्या कपाळी चिकटतात, हे मांडवातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. अक्षताच्या हळद माखलेल्या तोंडावरचं हसू पार मावळलं.

अंकुश पेटला. "कंपनीनं सडका माल दिलाय आमाला! जमिनी घेतल्या, आता पोरीच्या हलदीला घान पाजतात! चला रे, गेटवर जाऊ!" चारपाच पोरं लगेच उठली. नवऱ्याकडचेही माना हलवू लागले. कंपनीच लबाड, हे सगळ्यांना पटण्यासारखंच होतं. सितारामने फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसला असता तर त्याचं नाव, त्याचा मान, सगळं शाबूत राहिलं असतं. मी तर म्हणतो, शंभरातले नव्वद गप्प बसले असते.

यशोदाबाई ओसरीवरून उतरली. टाकलेला पेला उचलून तिने हुंगला, आणि तोंड वाकडं न करता थोरल्याकडे बघितलं.

"सितारामा, पयला घोट तुजा. तुना कललं नाय?"

सगळा मांडव त्याच्याकडे बघत होता. सुंदराबाई दारात हळदीचं ताट घेऊन उभी. तिने हलकेच मान हलवली. नको, बोलू नका, असंच ती म्हणत होती. सितारामने ते बघितलं.

"मना वास येत नाय, आई," तो म्हणाला. "सायकलीवरून पडलू तवापासून येत नाय. कशाचाच."

म्हातारीला पटेना. तिने ताटातली ओली हळद तळव्यावर घेतली आणि तळवा त्याच्या नाकाशी धरला. "हलदीचा?"

"नाय."

तिने आपला पदर त्याच्या नाकाशी नेला. लहानपणी ताप आला की याच पदरात तोंड खुपसून तो झोपायचा. "माजा?"

सितारामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्याने नुसती नाही म्हणून मान हलवली.

पण म्हातारीला देवाचंही बघायचं होतं. ज्यांना शिंतोडे गेले ते तिचेच सासरे नि नवरा होते. तिने पेला घासायला लावला, नारळ फोडून त्याचं पाणी त्यात ओतलं आणि पेला अंकुशच्या हातात दिला. "तू दे देवाला. आजपास्नं पयला घोट अंकुश घेल." सितारामकडे बघून म्हणाली, "राग धरू नको. देवाला खोटं बोललास तू."

अंकुशने शिंतोडे दिले. धवळे पुन्हा सुरू झाले, जरा दबकतच. सिताराम मांडवाच्या खांबाशी उभा राहिला. त्याला कुणी काही बोललं नाही, आणि तेच त्याला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, त्यात अक्षताचं लग्न, तरी तो भल्या सकाळी खांदेश्वरला नंदकुमारच्या घरी गेला आणि उंबऱ्यातच सगळं ओकला. माल अडवा म्हणाला. नंदकुमारने त्याला आत घेऊन बसवलं. मग म्हणाला, "म्हणजे इतके महिने तू माझा हात बघत होतास? आणि मी घरी सांगायचो, सितारामचं नि माझं मत नेहमी जुळतं." त्या बिचाऱ्याला रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं होतं. माल अडवला, टाकी गटारात सोडली. सितारामची नोकरी राहिली, पण टेबल गेलं. तो पुन्हा बाटल्यांच्या खात्यात आला, जिथून सुरुवात केली होती तिथेच. त्याने जाण्याआधी एकच केलं. सुनयनाकडे गेला नि म्हणाला, "बाय, तुजं नाक खरं होतं. पुन्ना कोन खेकसला तरी हटू नको." त्याच्या खुर्चीवर आता तीच बसते.

मंगळवारी सकाळी सुंदराबाईने नेहमीप्रमाणे भाकरी नि दुधाची वाटी पुढे ठेवली. सितारामने वाटी बाजूला सारली.

"सुकट भाज."

ती बघत राहिली. मग शिंक्यावरून माहेरचे बोंबील काढले, निखाऱ्यावर भाजले, लसूण-मिरची घातली, दगडावर ठेचले. गल्लीभर वास गेला. शेजारची सखू भिंतीपलीकडून ओरडली, "सुंदरे, सकाल सकाल कोनाची चैन गो?" कुठून तरी मांजरही आलं नि उंबऱ्याशी बसलं. सुंदराबाईने गरम भाकरीवर गोळा ठेवून दिला आणि समोर उकिडवी बसली, नवी नवरी बसते तशी.

सितारामने घास मोडला. चावला. बराच वेळ चावत राहिला.

"कसा लागला?"

"खारट हाय."

"आनि?"

"तिखट."

"आनि?" ती म्हणाली.

सितारामने पुढचा घास मोडला आणि मान खाली घालून खात राहिला.