मल्हारी पगारे आणि पन्नास गणितं

ओझरच्या विमान कारखान्याची कामगारांची बस सकाळी सव्वासहाला नाशिक रोडहून सुटायची. १९७८ च्या दिवाळीपासून त्या बसच्या तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, एक माणूस मांडीवर वही ठेवून गणितं सोडवताना दिसू लागला. मल्हारी पगारे, भांडार विभागातला कारकून. वय एकोणतीस, अंगानं किरकोळ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं आणि एक टोकदार पेन्सिल. बसनं गचका खाल्ला की पेन्सिल वहीवर ओरखडा काढायची. तो खोडरबर काढून ओरखडा पुसायचा, फुंकर मारायचा आणि आकडा पुन्हा लिहायचा.

"पगारे, विमान आता तुम्हीच उडवणार का काय?" मागच्या बाकावरून फिटर खंडेराव ओरडायचा.

"उडवू दे की रे," दुसरा कोणी म्हणायचा. "साहेब झाला की आधी तुझा लेटमार्क मांडेल."

बस हसायची. मल्हारीही हसायचा, पण मान वर करायचा नाही.

साहेब व्हायचं होतं हे खरंच होतं. कारखान्यात नोटीस लागली होती. मुंबईच्या एका व्यवस्थापन संस्थेच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जो प्रवेश मिळवील त्याला अभ्यासरजा, आणि परत आल्यावर अधिकाऱ्याची जागा. अट एवढीच की रजेवर जाताना तिशी पुरी झालेली नसावी. अभ्यासक्रम जुलैत सुरू व्हायचा आणि मल्हारीला ऑगस्टात तीस वर्षं पुरी होत होती. म्हणजे फेब्रुवारीतली प्रवेशपरीक्षा ही त्याची पहिली संधी आणि तीच शेवटची. रात्रीच्या कॉलेजातून बी.कॉम. करताना त्यानं इंग्रजी घासूनपुसून तयार केलं होतं. त्या पेपराची त्याला धास्ती नव्हती. धास्ती गणिताची होती, आणि तीसुद्धा गणित येत नव्हतं म्हणून नाही.

त्याच्याच विभागातल्या रंगनाथनं मुंबईहून एक नमुना प्रश्नपत्रिका मिळवली होती. पन्नास गणितं, पन्नास मिनिटं. प्रत्येक गणिताखाली चार उत्तरं, बरोबर असेल त्यावर पेन्सिलीनं खूण करायची. पहिल्या रविवारी मल्हारीनं घड्याळ लावून ती सोडवली. एकोणीस गणितं झाली. एकोणीसच्या एकोणीस बरोबर, आणि प्रत्येकाची रीत कागदावर अशी लिहिलेली की शाळेत फळ्यावर लावावी.

रंगनाथनं कागद पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अहो मल्हारराव, 'समजा कामाचे दिवस क्ष मानू' हे कोणासाठी लिहिलंत?"

"रीत नको दाखवायला?"

"कोणाला? पेपर तपासणारा भोकं पाडलेला पुठ्ठा ठेवतो उत्तरांवर. भोकात खूण दिसली की एक मार्क. तुमची रीत जाते टोपलीत."

"तरी पण," मल्हारी म्हणाला.

हे 'तरी पण' वीस वर्षांपूर्वीचं होतं. कळवण तालुक्यातल्या एका खेड्यात मल्हारी चौथीत होता. घरच्यांनी बौद्ध धर्म स्वीकारून तीन वर्षं झाली होती, पण वर्गात त्याची जागा अजून दाराशीच होती, सगळ्यांपासून दोन हात लांब. एकदा मास्तरांनी गणित घातलं : एका पोत्याला साडेतीन हात दोरी लागते, तर सोळा पोत्यांना किती? मल्हारीला औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तोंडपाठ होता. त्यानं पाटीवर नुसतं छप्पन लिहिलं आणि सगळ्यांच्या आधी पाटी पालथी घातली.

"कुणाचं बघितलंस?" मास्तर म्हणाले.

दोन हातांच्या आत बघायला कोणी नव्हतंच. पण हे पोराला सुचलं नाही, आणि मास्तरांच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलंही असेल. पाटीवर थुंकी लावून त्यालाच छप्पन पुसायला लावलं. घरी बापानं, कारभारीनं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "इथून पुढं जे करशील ते समदं लिहून दाखव. आपलं नुसतं उत्तर कोणी खरं धरत नाय."

त्या दिवसापासून मल्हारीनं एकही नुसतं उत्तर लिहिलं नाही. शाळेत नाही, कॉलेजात नाही, कारखान्यातल्या साध्या टिपणातही नाही. त्याच्या नीटनेटक्या कामाची साहेब लोक तारीफ करायचे. त्यामागची गोष्ट त्यानं कोणालाच सांगितली नव्हती. बायकोलाही नाही.

त्याची बायको यशोदा सातवीपर्यंत शिकलेली, बोलायला फटकळ. नाशिक रोडच्या कॉलनीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत दर रविवारी परीक्षा भरायची. नवरा जमिनीवर पाट घेऊन बसायचा आणि सहा महिन्यांची चांगुणा मांडीवर घेऊन यशोदा घड्याळाकडे बघत राहायची. तीन रविवार तिनं पाहिलं. आकडा एकोणीसवरून बावीसवर गेला आणि तिथंच अडला. चौथ्या रविवारी तिनं त्याच्यापुढचे कोरे कागद उचलले आणि त्यांच्यावर बसली.

"यशोदा, कागद दे."

"नाही. डोक्यात करा."

"अगं, चुकेल."

"चुकू दे. बाजारात शेंगदाणे घेताना क्ष मानता का? बाईनं भाव सांगायच्या आत तुमचा आकडा तयार असतो. मी बघते ना."

तो चिडला, उठून बाहेर जाऊन आला, पुन्हा पाटावर बसला. त्या दिवशी सत्तावीस गणितं झाली. हात सारखा शेजारी कागद चाचपायचा आणि तिथं फरशी लागायची. पुढच्या रविवारी तेहेतीस. जानेवारीच्या अखेरीला तो एकेचाळीस गणितांवर पोचला, त्यातली तीन चुकलेली. रंगनाथ म्हणाला, "अडतीस! गणितात पस्तिसाच्या पुढं गेलात की पुष्कळ. वहिनी, तुमचीच फी लागू करायला पाहिजे."

"मला मुंबईला घेऊन चला म्हणावं. फी तीच," यशोदा म्हणाली. त्या आठवड्यात तिनं शेजारच्या फुलाबाईंना, मुंबईत स्टोव्हचं रॉकेल रेशनवर मिळतं का, असंही विचारून ठेवलं.

परीक्षेचं केंद्र नाशिकमधल्याच एका कॉलेजात होतं. सकाळचा इंग्रजीचा भाग सहज गेला. दुपारी गणिताची पत्रिका हातात पडली. सोबत कच्च्या कामासाठी दोन कोरे ताव होते. मल्हारीनं ते बाकाच्या कोपऱ्यात सारून ठेवले आणि डोक्यातच सुरुवात केली. आगगाडी आणि पूल, नळ आणि टाकी, शेकडेवारी. खुणा भराभर पडत होत्या. पंचवीस मिनिटांत सव्वीस गणितं झाली. एवढा वेग घरीसुद्धा आला नव्हता. त्याला मधेच हसू येत होतं.

तेवढ्यात बाकाशेजारी कोणी तरी थांबलं. पर्यवेक्षक होते, पन्नाशीचे, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी त्याची पत्रिका पाहिली, कोपऱ्यातले कोरे ताव पाहिले आणि हलक्या आवाजात विचारलं, "सव्वीस झाली? आणि कच्चं काम काहीच नाही?"

बहुधा त्यांना नवल वाटलं असेल. कदाचित कौतुकही असेल. उत्तराची वाट न बघता ते पुढच्या बाकाकडे गेले. पण मल्हारीच्या कानात 'कुणाचं बघितलंस?' वाजलं. त्यानं आजूबाजूला पाहिलं. या वेळी शेजारी माणसं होती, डावीकडे, उजवीकडे, पुढं, मागं. ज्यांच्याकडून उतरवून घ्यावं अशी चारही बाजूंना होती. त्यानं पहिला ताव ओढला, वर 'प्रश्न एक' असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि सोडवून झालेल्या गणिताची रीत लिहायला घेतली. मग प्रश्न दोन. मग तीन. वेळ जातोय हे त्याला कळत होतं. सत्ताविसावं गणित सोपं आहे हेही दिसत होतं. सव्वीसची रीत झाली की पुढं जाऊ, असं तो स्वतःला बजावत होता, पण अक्षर घाईचं काढणंही त्याला जमेना. घंटा झाली तेव्हा तो एकोणिसाव्या प्रश्नाच्या रीतीवर होता. पर्यवेक्षकांनी पत्रिका घेतल्या. कच्च्या कामाचे ताव मात्र सगळ्यांचे एका खोक्यात टाकले. कोणी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

महिन्याभरानं पत्र आलं. इंग्रजीत उत्तीर्ण, गणितात किमान गुण नाहीत. यशोदानं पत्र त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"किती सुटली होती?"

"सव्वीस."

"घरी तर एकेचाळीस व्हायची." तिनं पत्राची घडी घातली. "कागद काढून घेतले म्हणून घोळ झाला का? तिथं डोकं चाललं नाही का?"

खरं सांगायचं तर वीस वर्षं मागं जावं लागलं असतं. ती पाटी, ती थुंकी, सगळं उघडं करावं लागलं असतं. "तुझा काय संबंध त्यात," एवढंच तो म्हणाला आणि चपला घालून बाहेर पडला. यशोदाला वाटलं, राग गिळून बोलला.

पुढं त्याचं आयुष्य जसं जायचं तसं गेलं. रंगनाथ दोन वर्षांनी पुण्याला गेला. मल्हारी वरिष्ठ कारकून झाला, पंचवार्षिक बढती म्हणून. बसमध्ये तो आता वर्तमानपत्र वाचायचा. खंडेराव त्याला काही बोलायचा नाही, आणि ते न बोलणंच जास्त लागायचं.

१९८७ साली चांगुणा चौथीत होती, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलेली. एका संध्याकाळी ती आईच्या पदराला झोंबली. "आई, माझी गणितं घे ना. तू विचार, मी सांगते."

"मला नको गं लावूस अभ्यासाला," यशोदा कणीक मळता मळता म्हणाली. "माझा हात लागला की बिघडतं. तुझ्या बाबांचं बिघडवलं एकदा, तेवढं पुरे."

ती हसत म्हणाली होती. शेजारी भाजी निवडत बसलेल्या फुलाबाईही हसल्या, जणू हे वाक्य त्यांनी अनेकदा ऐकलं होतं. पुढच्या खोलीत मल्हारीच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं.

फुलाबाई गेल्या, पोरगी खेळायला गेली. मग तो स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून खाली बसला आणि त्यानं सांगितलं. दाराशेजारची जागा, सोळा पोती, मास्तर, बाप, परीक्षेतला तो माणूस, ते दोन ताव. पाच मिनिटंही लागली नाहीत.

यशोदाचे हात कणकेतच राहिले.

"मास्तरला तुम्ही काय बोललात?"

"काही नाही."

"आणि त्या परीक्षेतल्या माणसाला?"

"काही नाही."

"आणि मला?"

त्यानं फरशीवर सांडलेलं पीठ बोटानं गोळा केलं.

"आठ वर्षं," ती म्हणाली. "आठ वर्षं मी तुमच्याकडं बघून मनात म्हणत होते, हा माणूस माझ्यामुळं त्या बसमध्ये बसतो. कधी भाजी खारट झाली तरी तुम्ही बोलत नव्हता. मला वाटायचं, त्याच रागानं बोलत नाहीत."

"राग नव्हता गं."

"मग सांगायचं होतं ना," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिनं पालथ्या हातानं डोळे पुसले तेव्हा गालाला पीठ लागलं. मागच्या अंगणात नळाला पाणी सुटल्याचा आवाज आला. ते तासभरच यायचं. ती हात न धुताच हंडा घेऊन उठली. दुसरा हंडा घ्यायला तोही उठला, पण तो त्याच्या हातून काढून घेऊन ती एकटीच बाहेर गेली.