बाजूला सरकलेला ठिपका

बेलापूरकर सरांच्या खिशात पेनाशेजारी व्हर्नियर असायचा. जाडी मोजायचं ते लोखंडी हत्यार बहुतेकांनी शाळा सुटल्यावर पुन्हा पाहिलेलंही नसतं. सर मात्र माझ्या दुकानात चहाला आले की त्याने आधी बिस्किट मोजायचे आणि मगच बुडवायचे. "साडेसहा मिलिमीटर. कालचं जाड होतं," असं म्हणून माझ्याकडे बघायचे, जणू बिस्किटावर रंधा मीच मारला होता.

श्रीरामपुरात त्यांच्या घराला लागूनच माझं सुतारकामाचं दुकान आहे. दहावीला गणित मला त्यांनीच शिकवलं. उत्तर चुकलं तरी पायऱ्या बरोबर असल्या तर ते मार्क द्यायचे, आणि तेवढ्यावरच मी पास झालो. पण उत्तरापुढे सेंटिमीटर की मीटर, ते एकक लिहिलं नाही की अर्धा मार्क कापलाच. माझे असे कापलेले अर्धे मार्क परत मिळाले असते तर आज मी इंजिनियर असतो.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोक्यात सीएनसी मशीन शिरलं. आकृती कॉम्प्युटरवर काढायची आणि मोटरवर फिरणाऱ्या पात्याने ती आपोआप लाकडात कोरायची, असं मशीन त्यांना घरच्या व्हरांड्यात बनवायचं होतं. या माणसाने आयुष्यात एक खिळा सरळ ठोकला नव्हता.

"सर, लई अवघड काम हाय ते," मी म्हणालो.

"तू पायऱ्या लिही, दत्तू. उत्तराचं नंतर बघू."

पायऱ्या त्यांनी लिहिल्या, लाकूड माझं गेलं. पहिल्या मशीनला आम्ही ड्रॉवरचे चॅनेल लावले. ते इतकं डुगडुगायचं की सरळ रेघ मारायला सांगितली तरी नागमोडी यायची. सर त्या रेघेवर व्हर्नियर टेकवून गंभीरपणे म्हणाले, "प्रगती आहे." मग पुण्याहून चांगल्या पट्ट्या मागवल्या, मशीन पुन्हा पहिल्यापासून जोडलं, आणि लाकूड आवळून धरायचे माझे सगळे शिकंजे एकेक करून त्यांच्या व्हरांड्यात राहायला गेले.

हा खटाटोप कशासाठी, ते मला दोन महिन्यांनी कळलं. मालतीकाकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, रांगोळी आमच्या गल्लीत नावाजलेली. काचबिंदूने त्यांची नजर गेली आणि रांगोळी थांबली. काकू त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. सरच एकदा व्हर्नियर उगाच उघडझाप करत म्हणाले, "दारातली ती कोरी फरशी बघवत नाही रे." लाकडी फळीवर कमळ कोरायचं, काकूंनी बोटाने खाच चाचपत त्यात रांगोळी भरायची, असा त्यांचा बेत होता.

"केवढं कमळ करायचं?" सरांनी विचारलं.

"अठरा करा," मी म्हणालो. आम्ही सुतार इंचातच बोलतो. सरांनी कॉम्प्युटरवर अठरा टाकलं. मशीन मिलिमीटरवाल्यांचं. ते फळीच्या मधोमध अर्धं मिनिट घुंई करून थांबलं. रुपयाच्या नाण्याखाली झाकलं जाईल एवढं कमळ! कमळ कसलं, चेंगरलेली माशी.

मी कानावरची पेन्सिल काढली आणि फळीवर लिहिलं, 'एकक नाही. अर्धा मार्क कापला.' तीस वर्षं मी या दिवसाची वाट पाहिली होती. सर दोन दिवस चहाला आले नाहीत.

पुढचं कमळ मात्र देखणं झालं. काकूंनी तीन दिवस ते भरलं. चौथ्या दिवशी फळी भिंतीला टेकवलेली दिसली.

"छान आहे हो," काकू म्हणाल्या, "पण रोज तेच कमळ? ही रांगोळी नाही, हा शिक्का झाला. मला नुसते ठिपके द्या. रेघा माझ्या मी ओढीन."

"ठिपके तर मी ड्रिलनं अर्ध्या तासात..." मी तोंड उघडलं.

"तू गप्प बस," सर म्हणाले.

अकरा ओळी, ओळीत अकरा ठिपके. सर खुर्ची टाकून मशीनपुढे बसले. शेवटचा एक ठिपका राहिला आणि लाईट गेली. परत आली तेव्हा मशीन आपली जागा विसरलं होतं. सरांनी ते अंदाजाने लावलं आणि कोपऱ्यातला तो ठिपका बाजूला सरकला. किती सरकला ते त्यांनी मोजलं, पण लाजेने कुणाला सांगितलं नाही. लगेच नवी फळी मागायला आले.

काकूंनी मात्र फळीवरून हात फिरवला आणि ती सोडेचनात. "हीच राहू द्या. ठिपके मोजताना कुठून सुरुवात केली ते मी विसरते. हा बोटाला लागला की कळतं."

"चुकलेल्या उत्तराला पूर्ण मार्क!" सर दिवसभर पुटपुटत होते. चेहरा मात्र पहिला नंबर आल्यासारखा. दुसऱ्या दिवसापासून दारात रोज वेगळी रांगोळी दिसू लागली, आणि सर शेजारी उभे राहून रेघांची लांबी मोजू लागले. काकू त्यांना हाकलायच्या.

गेल्या हिवाळ्यात सर झोपेतच गेले. आदल्या दिवशी व्हर्नियर माझ्याच दुकानात, बिस्किटांच्या डब्यावर विसरले होते. तो परत द्यायला माझं मन होत नव्हतं. मी तो खिशातच बाळगू लागलो. इतकं सुनं मला वडील गेल्यावरही वाटलं नव्हतं.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो, तर शेजारी काकू स्वतःच फळी घेऊन आपल्या दारात आल्या. खाली बसल्या आणि डाव्या हाताने कोपरा चाचपला. ठिपका सापडला. बोट बराच वेळ तिथेच राहिलं.

"दत्तू, किती सरकलाय रे हा? त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही."

मी खिशातून व्हर्नियर काढला, त्यांच्याशेजारी उकिडवा बसलो आणि मोजलं. डोळे भरून आल्यामुळे आकडा दोनदा बघावा लागला.

"तीन," मी म्हणालो.

"तीन काय?" काकूंनी विचारलं.

"मिलिमीटर, काकू."

"हं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी रांगोळीची चिमूट उचलली.