सात तलवारींचं पान

कालिंदी सबनीस यांच्याबद्दल यज्ञेश्वर टेंबे यांना खरं म्हणजे फार थोडं माहीत होतं. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा ते त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसले, तरी बाईंना चहात साखर किती लागते हेसुद्धा त्यांना सांगता आलं नसतं.

बाई चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. राजारामपुरीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्या टॅरो कार्डं वाचायच्या. टेंबे खालच्या मजल्यावर एकटेच राहायचे. एका आजारपणानंतर बाईंना फोनवरचं नीट ऐकू येईना, तेव्हा लोकांना वेळा द्यायच्या, दार उघडायचं, पाणी द्यायचं, हे काम टेंब्यांनी आपणहून घेतलं.

पडद्याआडून सगळं ऐकू यायचं. बहुतेकांना एकच विचारायचं असायचं, आपल्याला कोण फसवतंय. पान निघालं की बाई ते आधी समोरच्याला बघायला लावायच्या. काळजात घुसलेल्या तीन तलवारी आल्या की बाया रडायच्या. बाई रडू द्यायच्या. सात तलवारींच्या पानावर मात्र त्या जास्त बोलायच्या. त्यात एक माणूस तंबूंतून पाच तलवारी उचलून पाय न वाजवता निघालेला, दोन तिथंच राहिलेल्या, आणि तो मागं वळून बघतोय.

"परका चोर मागं बघत बसत नाही," बाई सांगायच्या. "हा बघतोय, कारण तंबूतली माणसं ओळखीची आहेत. नाव मात्र पानावर नसतं. ते तुम्ही घरून मनात घेऊन आलेलं असतं. आधी ते तपासा."

कागलहून क्रांती नावाची मुलगी यायची. घरी शिवणक्लास सांगून. नवऱ्याचं बाहेर काही आहे अशी तिला शंका होती. दोन वेळा तिला हेच पान आलं. बाईंनी तिला एवढ्यात कुणापाशी काही बोलू नकोस म्हणून बजावलं होतं.

बोलले ते टेंबे. जुन्या ऑफिसातल्या आकारामबरोबर चहा पिताना बोलता बोलता निघून गेलं. नाव घेतलं नाही, म्हणून त्यांना काही वाटलं नाही. कागलची मुलगी, हिरवी स्कूटर, नवरा तिथल्याच पंचतारांकित एमआयडीसीत कामाला, एवढंच म्हणाले. आकारामचा भाचा तिथंच कामाला होता. एवढ्यावरून घर सापडायला कोल्हापुरात वेळ लागत नाही.

पुढच्या मंगळवारी दारात नवराच उभा.

"पावणं, माझी बायको हितंच येती न्हवं?"

अशी कुणी येत नाही, टेंबे म्हणाले.

"आकाराममामास्नी तुम्हीच सांगितलंय की. एवढं वय झालंय, खोटं कशाला बोलताय?"

तो जिना उतरून गेल्यावर टेंबे वळले. पडदा बाजूला सारून बाई उभ्या होत्या. त्यांनी पुढच्या माणसाला आत पाठवायला सांगितलं.

क्रांती पुन्हा आली नाही. तिचा फोन लागेना. बाई विचारतील, मग कबूल करता येईल, अशी वाट बघत टेंबे खुर्चीत बसून राहायचे. बाई विचारत नव्हत्या. शेवटी एका शनिवारी सगळे गेल्यावर ते आत गेले आणि माझंही एक पान काढा म्हणाले. तोवर कधी काढलं नव्हतं.

बाईंनी पानं पिसली. एक काढलं, स्वतःच बघितलं आणि गड्डीत परत घातलं.

"तब्येत सांभाळा," एवढंच म्हणाल्या.

कोणतं पान होतं, हे विचारायचं टेंब्यांना सुचलं नाही. ते खाली आले, भात लावला, जेवले. रडू आलं नाही, लाजही वाटली नाही. हातपाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे वाटत होते.

त्यानंतरच्या आठवड्यात बाईंनी सांगितलं, आता वेळा भाची मैथिली लावेल, तुम्हाला उगाच त्रास. टेंबे बरं म्हणाले. मंगळवार आला की ते खालीच बसून वरची दाराची बेल ऐकायचे.

दिवाळीनंतर बाई आजऱ्याला भावाकडे गेल्या आणि तिथंच पंधरा दिवसांत वारल्या. निघाल्या त्या सकाळी टेंबे जिन्यात भेटले होते. सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच ते दाराबाहेर आले होते. त्यांनी बाईंची पिशवी रिक्षापर्यंत नेली.

"टेंबे, गॅसवाला आला तर टाकी तुमच्याकडे ठेवून घ्या," बाई म्हणाल्या. "मैथिली संध्याकाळी वर नेईल."

"आणि रिकामी?"

"ती तिनं जिन्याखाली ठेवलीय."

"बरं," टेंबे म्हणाले.