भाऊ, मॅन्युअल की ऑटो?

चार फोटो टेबलावर शेजारी शेजारी पडले आणि माझं आयुष्य एका मिनिटात बदललं.

ते फोटो मांडणारा माणूस जाऊन आज वर्ष झालं.

सुधाकरभाऊ. प्रतिभाचे मोठे भाऊ. कॅमेऱ्यातले माझे गुरू आणि भांडणातले पार्टनर.

नव्वदीची सुरुवात होती. मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडून, धुळ्याला घरी भांडून, जुन्या ओळखीच्या भाऊंच्या भरवशावर जळगावला आलेलो. काम काही नाही. गळ्यात जुना कॅमेरा, रावेरला केळीच्या ट्रकांचे फोटो काढत फिरायचो. भाऊ पाइपच्या कारखान्यात नोकरीला. रविवार सगळा फोटोंचा.

माझ्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं ते कायमचं. मग ठरलं, दोघांत मिळून एक चांगला घ्यायचा.

धुळ्याच्या कॅमेरावाल्या सलीमभाईंनी मुंबईहून आणलेले दोन काढून ठेवले.

एक मॅन्युअल. विटेसारखा जड, फोकस हाताने.

दुसरा ऑटोफोकस. बटण अर्धं दाबलं की लेन्स गुर्रर्र करत आपली आपण फिरायची.

"दोन्ही घेऊन जा," सलीमभाई म्हणाले. "एकेक रोल मारा. आणि भांडायचं ते घरी, माझ्या दुकानात नको."

मला ऑटो हवा होता, भाऊंना मॅन्युअल.

"बटण दाबायला माकड पण चालतं रे!"

"तुमचा फोकस लागेपर्यंत नवरीची आजी होते, भाऊ!"

भाऊंचा नियम कडक. टेस्ट करताना एकच गोष्ट बदलायची. माणूस तोच, जागा तीच, ऊन तेच, रोल तोच. बदलणार फक्त कॅमेरा.

पिंप्राळ्याला भाऊंच्या घराची गच्ची. समोर प्रतिभा, कारण कुरकुर न करता तासभर उभं राहणारं दुसरं कोणी नव्हतं. भाऊंच्या हातात मॅन्युअल, माझ्या हातात ऑटो.

इथेच चुकलं. कॅमेऱ्याबरोबर आम्ही कॅमेरामनही बदलला होता.

प्रिंट आल्या. भाऊ आधी खूश.

"मानलं बुवा ऑटोला! काय लेन्स आहे!"

मग भिंग घेऊन तिच्या डोळ्यांवरचा फोकस बघायला वाकले.

वाकले ते वर येईचनात.

त्यांच्या फोटोत प्रतिभा लायसन्सच्या फोटोसारखी उभी होती. माझ्या फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. कॅमेऱ्याच्या मागे बघत होती.

"उद्या परत घेऊ," भाऊ एवढंच म्हणाले. "कॅमेरे बदलून."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गच्ची. आता मॅन्युअल माझ्याकडे.

रिंग जराशी चुकीची फिरवली असती तर फोटो धूसर आला असता. विषय मिटला असता.

प्रतिभालाही कळलं होतं. हसायचं नाही असं ठरवूनच आली होती.

मी रिंग फिरवत गेलो. तिचा डावा डोळा लख्ख झाला.

ती हसली नाही. पण बघितलंच.

दाबलं बटण.

आणि मग ते टेबल. चार फोटो. भाऊंचं बोट माझ्या दोन फोटोंवर.

"हाई काय शे रे, सुन्या?" राग आला की भाऊ अहिराणीत शिरायचे.

"तुम्हाला दिसतंय तेच."

"कॉलेज सोडलंस तेव्हा तुझ्या आबांशी कोण भांडलं?"

"तुम्ही."

"तेव्हाही हे होतं?"

"त्याच्याही आधीपासून."

"आणि खायला काय घालशील तिला? फिल्मचे डबे?"

माझं डोकं सटकलं.

"कॅमेरे ठेवा तुम्हाला दोन्ही! पण तिला एकदा विचारा तरी!"

दार असं आपटलं की शेजारच्या काकू बाहेर आल्या.

अंगणात सायकलचं कुलूप उघडेना. आतून दोघांचे आवाज. ती भावाला काय म्हणाली, ते माझी बायको असूनही तिने मला आजवर सांगितलेलं नाही.

दार उघडलं. भाऊ. हातात मॅन्युअल.

"हा तू ने."

मी सायकल तशीच सोडून कॅमेरा घेतला.

"ऑटो मला राहू दे. इतके दिवस डोळ्यांसमोर होतं, मला दिसलं नाही. मी कसला हाताने फोकस करतो!"

वळले आणि पुन्हा थांबले.

"आधी नोकरी बघ. मग ये. आणि येशील तेव्हा दार नीट लाव."

वहिनी आता मुलीकडे असतात. घर बंदच. आज प्रतिभा आणि मी जाऊन खिडक्या उघडल्या, झाडलं, भाऊंच्या फोटोला हार घातला. फोटो मीच काढलेला, मॅन्युअलवर. फोकस चोख आहे, भाऊ. भिंग घेऊन बघा.

प्रतिभा डोळे पुसत पुढे गेली.

"येतो, भाऊ," म्हटलं.

बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. आवाज न करता.