निवडलेले छर्रे

छर्र्यांची डबी पुन्हा महागली, असं आमच्या नेमबाजी क्लबच्या फळ्यावर लिहिलेलं वाचलं आणि मला सगळ्यात आधी क्लबातल्या घोडबंदरवालीचा राग आला. भाव काही तिने वाढवला नव्हता. शिसं महागलं, डॉलर चढला, असं आमचे प्रशिक्षक सांगत होते. परवान्यावर रिकामी काडतुसं घरी भरून वापरणारे एक जुने सभासद तर बंदुकीच्या दारूचा आणि ती पेटवणाऱ्या टोप्यांचा नवा भाव ऐकून चहा तसाच ठेवून उठले. पण घोडबंदरवालीला कशाचं काय? तिचा मुलगा जर्मनीहून येताना तिच्यासाठी डब्या आणतो. डबीच्या आत स्पंज, स्पंजवर चकचकीत छर्रे. दागिना काढावा तशी ती एकेक उचलते.

मी कल्याणहून एसटीने ठाण्यात खोपटला उतरते आणि तिथून रिक्षाने वागळे इस्टेट. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये आमचा क्लब आहे. हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल, समोर कागदाचं लक्ष्य. नात घेऊन आली होती मला. तिचा उत्साह पंधरवड्यात संपला, माझा राहिला. साठीच्या वरच्या बायका आम्ही दोघीच, मी आणि ती. त्यामुळे मत्सर वाटून घ्यायलाही कोणी नाही.

तसा हा माझा जुना रोग. कॉलेजात एनसीसीत असताना आम्हा मुलींना रायफलीच्या मोजून पाचच गोळ्या मिळायच्या. शेजारच्या उंच मुलीचा नेम बसला की माझी दोन वेण्यांची स्वारी नाक उडवून सांगायची, "तिला नव्या खोक्यातल्या दिल्या. माझ्या जुन्या होत्या." एकदा तर रायफलच वाकडी आहे म्हणून शिकवणाऱ्या उस्तादांकडे तक्रार नेली. उस्तादांनी तीच रायफल उचलून मधोमध गोळी मारली आणि परत हातात दिली. बाईसाहेब तरी म्हणाल्याच, "त्यांच्या हाताला सवय आहे वाकडीची!" असली दीडशहाणी मुलगी आज समोर आली तर कान धरीन. फक्त त्यासाठी आधी स्वतःचा धरावा लागेल.

कारण आता मी तेच म्हणत होते. माझे छर्रे देशी, स्वस्तातले. एखाद्याची कड चेपलेली, एखादा जरा जाड. म्हणून मी ते निवडते. जुन्या परातीत पसरायचे, चष्मा लावायचा, तांदळातले खडे काढावेत तसे वाईट बाजूला. सुनेचा रोज आरडाओरडा. "आई, शिसं आहे ते! हात धुवा आधी. आणि ती परात आता स्वयंपाकघरात आणायची नाही."

"नाही आणत गं. तुझ्या कणकेला नेम धरायला कुठे शिकवायचंय?"

क्लबांच्या सामन्यात ज्येष्ठ महिलांसाठी आमच्या क्लबला एकच जागा होती. ती मला हवी होती. एनसीसीपासून हवी होती म्हणा ना. निवड रविवारी होती. शनिवारी मी घरात ऐकवून ठेवलं, "हरले तर छर्र्यांमुळे, एवढं लक्षात ठेवा."

रविवारी पिस्तूल काढतेय तोच घोडबंदरवाली जवळ आली. नखं रंगवलेली, केस नुकतेच कापलेले.

"अहो, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारून तर बघा."

"तुम्ही म्हणे छर्रे हाताने निवडता. मला त्यातले द्याल आजच्यापुरते? माझ्या छर्र्यांचं मला दडपणच येतं हो. इतके महागाचे, एक चुकला की जीव जातो, मग पुढचाही चुकतो. तुमचं बरं आहे, तुम्ही बिनधास्त मारता."

म्हणजे ही बया माझ्यावर जळत होती! इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्याच भरात मी डबी पुढे केली आणि तिने तिची माझ्या हातात ठेवली. तोंडून "घ्या की" निघून गेलं आणि मग कळलं की माझं हरायचं कारणही तिच्याकडे गेलं.

जर्मन छर्रे खरंच सुरेख होते. पहिले काही मधोमध गेले. मग शेजारून तिच्या पिस्तुलाचे आवाज यायला लागले, टप्, टप्, न थांबता. माझं लक्ष तिच्या कागदाकडे गेलं ते परत आलंच नाही. माझे हाताने निवडलेले छर्रे तिथे कसे जाऊन बसत होते! आणि माझ्या हातातला एकेक कडेकडेला सरकत होता.

प्रशिक्षकांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. गुण सांगायची गरजच नव्हती.

"काकू, छर्रे चांगले होते," ते मला म्हणाले. "तुम्ही शेजारी बघत होतात."

"हो," मी म्हटलं.

तिने माझे दोन्ही हात धरले. "तुमच्या छर्र्यांमुळे झालं हो! सामन्यासाठीही निवडून द्याल ना?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. "किती हवेत?" असंच निघालं.

"आणि ती डबी असू द्या तुमच्याकडेच," ती म्हणाली.

खोपटच्या रिक्षात बसल्यावर वाटलं, परत जावं आणि ती डबी तिच्या टेबलावर आपटावी. रिक्षावाल्याला थांबायलाही सांगितलं. मग फळ्यावरचा नवा भाव आठवला.

"चला हो," मी म्हटलं, आणि झाकण घट्ट आहे ना ते पाहून घेतलं.